कापलेल्या वाक्याचा उन्हाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की नागपुरात दुपारी बारा ते चार रस्ते रिकामे होतात. दुकानांची शटर अर्ध्यावर येतात, सायकलरिक्षावाले झाडाखाली रिक्षातच पाय वर करून झोपतात आणि गल्लीत ऐकू येतो तो फक्त कुलरचा आवाज. यंदाही तसेच आहे. कुलरला खस भरणारा माणूस काल येऊन गेला. जुनी खस त्याने उपसून अंगणात टाकली, नवी जाळीत दाबून बसवली, पंप सुरू केला. पहिला ओला वास घरभर पसरला आणि मला धक्का बसला. दर वर्षी बसतो. लोकांना हा वास सुखाचा वाटतो. मला तो एका कार्यालयाचा वाटतो आणि त्या कार्यालयात मी लिहिलेल्या एका कागदाचा.

मी मुळात वर्तमानपत्रातला माणूस. पदवी झाल्याबरोबर एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि चार वर्षे लोकांच्या बातम्या कापल्या. तिथे पहिल्या दिवशी शिकवले गेले ते असे : महत्त्वाचे वर, बिनमहत्त्वाचे खाली, आणि जागा कमी पडली तर खालून कापायचे. शेवटचे वाक्य काढल्याने बातमी बिघडत नाही. माझा हात या कामाला चांगला बसला होता. छापखान्याचा फोरमन म्हणायचा, तुम्ही कापलेल्या बातमीतून रक्त येत नाही.

पुढे कामगार कायद्याची पदविका घेतली आणि कापडगिरणीत कामगार अधिकारी झालो. आज ज्याला एचआर म्हणतात ते तेव्हा पर्सोनेल खाते होते. बंगलेवजा कार्यालय, खिडक्यांना खसच्या ताट्या, आणि त्यांच्यावर दर अर्ध्या तासाने पाणी मारणारा एक माणूस. ताटीतून येणारा वारा गार असायचा. शंभर पावलांवर सूतकताईचे खाते होते. तिथे धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम वाफ सोडत. मे महिन्यात त्या खात्यात गेलो की चष्मा धुरकट व्हायचा आणि शर्ट पाठीला चिकटायचा. मी आठवड्यातून एकदा जात असे. बाकीचे दिवस मी गार खोलीत बसून तिथल्या माणसांच्या चौकशा लिहीत असे.

चौकशी म्हणजे एखाद्या कामगारावर आरोप झाला की त्याला कार्यालयात बोलावायचे, साक्षी घ्यायच्या, त्याला शेवटचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून त्याची सही घ्यायची. माझ्या चौकशा कामगार न्यायालयात टिकत. कागदात कुठे विशेषण नाही, पाल्हाळ नाही. गिरणीच्या वकिलांनी एकदा मोठ्या साहेबांसमोर सांगितले की या माणसाच्या कागदात फट सापडत नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना सोपे जात नाही, पण वाटला होता.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या मे महिन्यात सोमाजी हेडाऊची चौकशी झाली. सोमाजी सावनेरजवळच्या खापा गावचा. आठवडाभर नागपुरात एका नातेवाइकाकडे राहायचा, सुटीला गावी जायचा. त्या वर्षात उशिरा आल्याबद्दल त्याला दोनदा ताकीद मिळाली होती. आता दुपारच्या पाळीत तो यंत्राला टेकून झोपलेला सापडला. धागे तुटत राहिले, यंत्र चालत राहिले, बराच माल वाया गेला. आरोप सरळ होता आणि त्याने नाकारलाही नाही.

चौकशीच्या आधी तो व्हरांड्यात उभा होता. मी फाइल घेऊन आत जाताना त्याने हात जोडले आणि हळू आवाजात सांगितले की बायको तीन दिवसांपासून दवाखान्यात आहे, बाळंतपणात पोर गेले, ती शुद्धीवर नाही, रात्री तिच्यापाशी बसतो आणि दुपारी पाळीला येतो. गावी माणूस नाही. मी मान हलवली. बरे म्हणालो असेन. मग आत गेलो, खुर्चीवर बसलो, त्याला आत बोलावले. साक्षी झाल्या. शेवटी ठरलेला प्रश्न वाचला : आपल्या बचावासाठी आपणास काही सांगावयाचे आहे काय?

सोमाजी माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘काही नाही साहेब. तुमाले तं मालूम आहे.’’

मी लिहिले : काही नाही.

दुसरे वाक्य मी कापले. ते उत्तर नव्हते, पुरावा नव्हता, आणि ते शेवटी होते. हात आपोआप थांबला. कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याला थोडेफार वाचता येत होते, पण त्याने वाचले नाही. साहेबाला सगळे सांगितलेच होते. आता तेच पुन्हा चार लोकांपुढे सांगायचे म्हणजे साहेबावर अविश्वास दाखवायचा, आणि घरातले दुःख माणूस दोनदा थोडेच सांगतो. त्याने सही केली. महिन्याभरात त्याला कामावरून कमी केले. पत्र मीच तयार केले होते.

त्यानंतर वर्ष गेले. मी त्या वर्षात काय केले ते नीट सांगता येते : पगारवाढीचे तक्ते, कँटीनच्या तक्रारी, तेवीस चौकशा. सोमाजी आठवल्याचे आठवत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा दावा कामगार न्यायालयात लागला आणि साक्षीला मला बोलावले. खोलीत एकच पंखा होता. शपथ झाली. सोमाजीच्या बाजूच्या वकिलाने कागद दाखवून विचारले की हे उत्तर पूर्ण आहे का, याखेरीज कामगाराने काही सांगितले होते का. माझ्यासमोर दोन रस्ते होते. पहिल्या रस्त्यावर सोमाजीची नोकरी होती. दुसऱ्यावर माझी. विचार करायला दोन सेकंदांहून जास्त लागले नाहीत.

मी म्हणालो, ‘‘नाही. काही सांगितले नव्हते.’’

दावा तिथेच संपला, निकाल लागायचा बाकी होता इतकेच. बाहेरच्या पायऱ्यांवर सोमाजी माझी वाट पाहत होता. मला वाटले, शिव्या देईल. देता तर बरे झाले असते. त्याने डोक्यावरचा दुपट्टा सोडला, तोंड पुसले आणि खरोखरच काळजीने विचारले, ‘‘साहेब, तुमी इसरले काय जी?’’

तो मला वाट काढून देत होता. वर्षभर काम नसलेला माणूस, मी काढलेला, मीच नुकताच दुसऱ्यांदा बुडवलेला, आणि मी खोटे बोलू शकतो ही शक्यता अजूनही त्याच्या डोक्यात आली नव्हती. मी हो म्हणालो. विसरलो. एका दुपारी दोन खोट्या गोष्टी, आणि दुसरीची तर शपथही घ्यावी लागली नाही.

त्या दिवशी परत कार्यालयात गेलो. ताट्यांवर नुकतेच पाणी मारलेले होते. आत पाऊल टाकताच तो गार, ओला वास नाकात गेला आणि मला दारातच उभे राहावे लागले.   दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. दोन ओळींचा.

मोठ्या साहेबांनी तो वाचला, उलट करून मागची बाजूही पाहिली आणि म्हणाले की नागपुरात उन्हाळ्यात कोणी राजीनामा देऊ नये, डोके तापलेले असते. कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो, पाऊस पडल्यावर बोलू. मी थांबलो नाही. लेखा खात्यातल्या मित्राने मला दुसरीकडे कुठे मोठी जागा मिळाली ते हळूच विचारले. कुठेच नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मला एखादा आजार झाला आहे आणि तो त्याला लागू शकतो.

घरी सुधा होती. माझी पत्नी धरमपेठेतल्या एका शाळेत शिकवायची आणि सुट्या नुकत्याच लागल्या होत्या. तिने विचारले, काढले का? मी म्हणालो, सोडली. तिने पुन्हा विचारले, काढले का? आमच्या ओळखीत नोकरी कोणी सोडत नसे. ती मिळे, टिके किंवा जाई. मी सोमाजीचे सगळे सांगितले. ती पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत राहिली, आणि मग इतकेच म्हणाली, ‘‘म्हणजे खोटं बोललात तुम्ही आणि शिक्षा आपल्या दोघांना.’’ नंतर तिने गर नीट कुस्करला, त्यात गूळ घातला आणि मला पेला दिला. तिचा राग त्या पेल्यासकट मी घेतला.

जुन्या दैनिकात परत जाता आले असते. संपादकांनी निरोपही पाठवला होता. पण पुन्हा कापायच्या टेबलावर बसायची छाती झाली नाही. मला येत होते ते एवढेच : कायद्याची भाषा आणि टंकलेखन. एक वापरलेले मराठी यंत्र भाड्याने घेतले आणि कलेक्टर कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसलो. अर्जनवीस म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देणारा. टेबल, खुर्ची, गिऱ्हाइकासाठी स्टूल. डोक्यावर सावली होती, पण झळा आडव्या येत. कागद उडू नये म्हणून दगड ठेवायचे, तेही तापत.

पहिल्या दिवशी मी सवयीने टाय बांधून गेलो. शेजारच्या टेबलावर मिश्राजी होते, वीस वर्षांपासून त्याच झाडाखाली, हिंदी बोलणारे आणि मराठी अर्ज बिनचूक लिहिणारे. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. ‘‘साहब, पेड़ के नीचे टाई नहीं चलती,’’ ते म्हणाले. ‘‘लोग समझेंगे कि आप पेड़ नीलाम करने आए हैं।’’

दहा दिवस कोणी आले नाही. खोटे कशाला, आले होते. गिरणीतला एक माणूस स्टुलावर बसला, माझा चेहरा पाहिला, उठला आणि पलीकडे जाऊन बसला. जाताना त्याने बरोबरच्याला सांगितलेले मला ऐकू आले : ‘‘हा तं काढणारा साहेब होय. हा काय लिहून देईन बाप्पा.’’ रोज दुपारी दोन वाजता सुधा डबा घेऊन येई, रिकामे स्टूल पाही, डबा ठेवून परत जाई.

अकराव्या दिवशी एक म्हातारी बसली. नवरा गेला होता, त्याचा फंड मिळत नव्हता. मी कागद चढवला आणि विचारले की आपले म्हणणे काय आहे. ती म्हणाली, काही नाही. मी पुन्हा विचारले. काही नाही बापा, ती म्हणाली आणि पदर सावरत उठायला लागली. मिश्राजींनी तिला आपल्याकडे बोलावले, माठातले पाणी दिले आणि घरात कोण कोण आहे ते विचारले. ती अर्धा तास बोलत होती. बोलून झाल्यावर त्यांनी सांगितले, माई, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितले आणि रडली. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावले, आणि तेव्हा कुठे यंत्रावर बोटे ठेवली.

ती गेल्यावर मी विचारले, इतका वेळ कशाला? अर्ज तर आठ ओळींचा. ते म्हणाले, ‘‘पहली बार आदमी वो बोलता है जो उसको लगता है कि आप सुनना चाहते हैं। कागज़ तो तीसरी बार का होता है।’’

मी ज्या माणसांच्या चौकशा केल्या त्यांना एकदाच विचारले होते. त्यांच्यातल्या किती जणांनी ‘काही नाही’ म्हटले होते ते मी त्या झाडाखाली बसून आठवायचा प्रयत्न केला. माणसे आठवली नाहीत. फक्त माझे अक्षर आठवले, ओळीत ओळ, आणि शेवटी ते दोन शब्द. मला दरदरून घाम आला. तापमान त्या दिवशी कितीही असो, हा घाम त्याचा नव्हता.

सोमाजीचा दावा फेटाळला गेल्याचे मला तोवर कळले होते. वरच्या कोर्टात अपील करायची मुदत चालू होती. मुदत संपायला दहा दिवस होते तेव्हा मी मिश्राजींना म्हणालो की एक प्रतिज्ञापत्र लिहायचे आहे, माझेच आहे, मला जमत नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवले. माठातले पाणी दिले. क्या हुआ, त्यांनी विचारले.

पहिल्यांदा मी सांगितले की एक वाक्य लिहायचे राहून गेले. दुसऱ्यांदा सांगितले की ते मी कापले. तिसऱ्यांदा सांगितले की कोर्टात मला ते शब्द न् शब्द आठवत होते.

मिश्राजींनी कागद चढवला.

नवतपा सुरू होता. रोहिणीचे ते नऊ दिवस नागपूरचे लोक मोजून काढतात, त्यात कोणी प्रवासाला निघत नाही. मी सावनेरची बस धरली आणि तिथून खाप्याची. खिडकीची लोखंडी चौकट हाताला भाजत होती. कन्हान नदीत पाण्याची एक ओळ तेवढी उरली होती आणि बाकी पात्रभर डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, लागले होते, हिरवे ढीग वाळूवर पडलेले. सोमाजी तिथेच कोणाच्या तरी वाडीवर राखणीला होता. घरी त्याची बायको होती.

दारात तिला उभी पाहिली आणि मी तसाच थांबलो. वर्षभरात मी कागद लिहिला, पत्र पाठवले, शपथेवर साक्ष दिली, राजीनामा दिला, प्रतिज्ञापत्र केले. दवाखान्यातली बाई जगली की गेली हे मी कोणाला एकदाही विचारले नव्हते. ज्या धंद्यात पहिला प्रश्न ‘जिवंत आहे का’ हा असतो, त्या वर्तमानपत्राच्या धंद्यात मी शिकलो होतो.

मी नाव सांगितले. 

‘‘तुमीच का ते साहेब?’’ ती म्हणाली. ‘‘हे मले दवाखान्यात सांगत होते, साहेबाले सांगून ठेवलं आहे, साहेब पाहून घेतील. मी शुद्धीवर आली तवा पयले हेच आयकलं.’’

तिचे नाव अनुसया. तिने खाट सावलीत ओढली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि कोणाला तरी नदीवर पाठवले. सोमाजी आला तो पायांची वाळू झटकत. माझी विचारपूस त्यानेच आधी केली. नोकरी सोडल्याचे कळले होते, काहून सोडली ते कळले नव्हते. मी प्रतिज्ञापत्र काढून वाचून दाखवले. तो उकिडवा बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने शेवटचे पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. त्याच्या तोंडचे ते वाक्य आता कागदावर होते, आणि ते मला आठवत असताना मी नाही म्हणालो, हेही.

‘‘म्हणजे इसरले नव्हते,’’ तो म्हणाला.

‘‘नाही.’’

  मी त्याच्या वकिलाकडून आणलेला अपिलाचा कागद पुढे केला. त्याची सही झाली तर अपील दाखल होणार होते आणि नोकरी परत मिळण्याची शक्यता होती. त्याने पेन घेतले नाही. विचारले, ‘‘हे कोर्टात देल्यावर तुमचं काय होईन?’’ खोटी साक्ष दिल्याचा खटला होऊ शकतो, मी सांगितले. तुरुंगही.

सोमाजीने मान हलवली. नको साहेब, तो म्हणाला, झालं गेलं, तुमालेही घरदार आहे. आणि त्या क्षणी मला बरे वाटले. बरे वाटले हे लक्षात आले आणि मी हादरलो. तीस मैल मी कागद द्यायला आलो नव्हतो. हा माणूस नको म्हणेल हे मला ठाऊक होते, आणि ते ऐकायलाच मी आलो होतो.

‘‘मंग होऊ द्या की,’’ अनुसया म्हणाली.

‘‘चूप राय वं,’’ सोमाजी म्हणाला.

‘‘काहून चूप राहू? वर्षभर चूपच होतो. तुमी यायले वाचवून राहिले, यायनं तुमाले वाचवलं का?’’ तिने पेन उचलून नवऱ्याच्या हातात दिले. ‘‘करा सही.’’ मग माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘तारखेले मीबी येइन. तुमी काय सांगता ते आयकाले.’’

सोमाजीने सही केली. एकेक अक्षर जुळवत, बराच वेळ लावून.

अपील चालले, मी साक्ष दिली, ती आली आणि ऐकून गेली. हिवाळ्यात सोमाजीला कामावर परत घेण्याचा हुकूम झाला. गिरणीने तो पाळला. माझ्यावरचा खटला पुढच्या एप्रिलमध्ये उभा राहिला. मी आरोप मान्य केला. स्वतः होऊन कबूल केले होते म्हणून शिक्षा सौम्य झाली : दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची कैद. सुधा शाळेतून रजा घेऊन आली होती. तिने मला पाहिले, मी तिला खुणेने घरी जायला सांगितले, ती गेली नाही. मिश्राजींनी त्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकांचे अर्ज लिहिले. आता गिऱ्हाइके येत होती.

सकाळी साडेअकराला मी बाकावर बसलो. माझ्यानंतर इतरांचे खटले पुकारले गेले, लोक आले, गेले. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. दुपारी उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत भिंतीवर चढली. पाच वाजता न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले आणि शिपायाने मला सांगितले की साहेब, तुम्ही जाऊ शकता.

मी मागे वळलो. खोली रिकामी झाली होती. शेवटच्या बाकावर सुधा होती, आणि तिच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली अनुसया. ती सकाळपासून बसली होती. ती आता उठली, सुधाला म्हणाली की माझी शेवटची बस आहे, आणि निघून गेली.